नानांच्या रक्ताच्या रिपोर्टवरून कॅन्सरची स्टेज कळेल का?

आखाजीची_लेक · शुक्रवार, रात्री १०:५०

माहेर यावल तालुक्यात, राहते पुण्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दरवर्षीसारखी माहेरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना मोरीतून बाहेर आले आणि पुन्हा आत जाऊन बादलीभर पाणी ओतू लागले. नाना आणि मोरी धुणं! मी डोकावले तर कोपऱ्यात, फरशीच्या सांध्यात, लाल पाणी साचलेलं. विचारलं तर म्हणे, "ऊन बाधलं असंल. दोन-तीन महिन्यांपासून मधूनमधून येतं, दुखत काहीच नाही." आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

नाना ७१ वर्षांचे, चाळीस वर्षं बिडी. जळगावला सोनोग्राफी केली. लघवीच्या पिशवीच्या उजव्या भिंतीला २.८ सेंमीची गाठ, दोन्ही किडन्या ठीक. युरॉलॉजिस्टनी दुर्बिणीतून गाठ काढायला येत्या गुरुवारची तारीख दिली आहे. किती खोल गेली आहे ते काढल्यावरच सांगता येईल म्हणाले.

ऑपरेशनआधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ११.२, क्रिएटिनिन १.१, न्यूट्रोफिल ७८, लिम्फोसाइट १७ आणि शेवटी ठळक अक्षरात एनएलआर ४.५९. रात्री मोबाइलवर शोधत बसले. एनएलआर जास्त असलेल्या म्हाताऱ्या माणसांमध्ये हा कॅन्सर स्नायूत शिरलेला असण्याची शक्यता जास्त, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलंय. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

दुसरं, रक्त घेणारा मुलगा म्हणाला, "ताई, साडेतीन हजारांचं कॅन्सर मार्करचं पॅकेज करून घ्या, स्टेज कळून जाईल." त्यात पीएसए, सीईए, सीए १९-९ आहे. भाऊ म्हणतो, करून टाकू, पैशाकडे बघू नको. कोणाला अनुभव आहे का? गुरुवारपर्यंत नुसतं थांबणं जमत नाहीये.

शेवभाजी · रात्री ११:०२

ताई, आधी हे सांगतो की तुम्ही डोकावलात हे फार बरं केलंत. आमच्याकडची म्हातारी माणसं तोंडातून शब्द काढत नाहीत.

भाऊसाहेब_शिरपूर · रात्री ११:१५

ताई, घाबरू नको. मना बापले बी हाईच व्हतं, आते ८१ ना शे, रोज मळामा जास. बिडी मातर आजच सोडाले लाव.

गार्डसाहेब_भुसावळ · रात्री ११:४०

मी स्वतः या आजाराचा पेशंट आहे. रेल्वेत गार्ड होतो, २०१९ मध्ये ६६ व्या वर्षी निदान झालं. माझा एनएलआर कोणी काढला नाही, मला तो शब्दही आज कळला. पण अशीच एक रात्र मीही काढली आहे. माझं हिमोग्लोबिन १४ होतं, सगळं रक्त स्वच्छ. त्यावरून मी घरच्यांना सांगितलं, "काही नाही, मस्सा असेल." रिपोर्ट आला तो उग्र पेशींचा कॅन्सर, हाय ग्रेड, टी-१. म्हणजे चांगल्या रक्ताने मला खोटा धीर दिला. तुम्हाला तुमचं रक्त कदाचित खोटी भीती देत असेल. गुरुवारची तारीख मात्र कोणत्याही कारणाने पुढे ढकलू नका. मी लग्नसराईमुळे पाच आठवडे ढकलली होती, त्याची टोचणी अजून आहे.

सूक्ष्मदर्शक · शनिवार, सकाळी ७:२०

धुळ्यात लॅबमध्ये २२ वर्षं काम करतो. एनएलआर ही वेगळी तपासणीच नाही. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशींचे प्रकार टक्केवारीत येतात, त्यातल्या न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागायचं. ७८ भागिले १७, झाले ४.५९. पूर्वी हा भागाकार कोणी छापत नव्हतं, आता मशीनच काढून देतं आणि ठळक करून टाकतं. निरोगी माणसात साधारण १ ते ३ च्या आसपास असतो, वय वाढतं तसा थोडा वर सरकतो.

पण हा आकडा फार हलका आहे, कशानेही हलतो. दाताला पू झाला, लघवीत इन्फेक्शन झालं, रात्रभर ताप होता, अगदी आदल्या दिवशी पडून मार लागला तरी न्यूट्रोफिल चढतात. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे स्टिरॉइड. त्या गोळ्यांनी न्यूट्रोफिल वर जातात आणि लिम्फोसाइट खाली, म्हणजे अपूर्णांकात वरचा आकडा वाढतो, खालचा घटतो आणि भागाकार दोन्हीकडून फुगतो.

ताई, दोन गोष्टी बघा. नानांच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल, म्हणजे इन्फेक्शन दाखवणाऱ्या पू-पेशी, किती आहेत? आणि मागच्या पंधरा दिवसांत दम्यासाठी, खोकल्यासाठी, गुडघ्यासाठी कोणत्या गोळ्या घेतल्या? त्यांना विचारू नका, ते "काही नाही" म्हणतील. डबा उघडून बघा.

पॅकेजबद्दल मी या धंद्यातला असूनही सांगतो, ते साडेतीन हजार वाचवा.

गिरणाकाठ · सकाळी ९:१०

मला हे पटत नाही. रक्तात काही कळत नाही असं सरसकट सांगू नका. माझ्या मामांचं हिमोग्लोबिन ७.९, अल्ब्युमिन २.६, क्रिएटिनिन ३.४ होतं. डॉक्टरांनी कागद बघूनच सांगितलं की आजार पुढे गेलेला दिसतो. दुर्बीण घातली तर खरंच स्नायूत शिरलेला, दोन्ही किडन्यांचे रस्ते दाबलेले. रक्ताने खरं सांगितलं होतं की नाही? इथे धीर देण्याच्या नादात माणसं गाफील राहतात.

आखाजीची_लेक · सकाळी ९:४५

सूक्ष्मदर्शक दादा, डबा उघडला. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, देव्हाऱ्यामागे ठेवलेला. त्यात प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची पट्टी निघाली, दहातल्या सात गोळ्या संपलेल्या. नानांना दम लागतो म्हणून गावातल्या डॉक्टरांनी दिल्या होत्या, शेवटची गोळी रक्त घेतलं त्याच सकाळी घेतली म्हणे. लघवीत पस सेल २० ते २५ आहेत. जळगावच्या डॉक्टरांना यातलं काहीच सांगितलेलं नाही.

सूक्ष्मदर्शक · सकाळी ९:५८

मग त्या ४.५९ मध्ये कॅन्सरचा वाटा किती आणि गोळीचा किती, हे सांगणारं मशीन जगात नाही. पट्टीचा फोटो काढून ठेवा.

चोपडेकर_डॉ · दुपारी १:३०

युरॉलॉजीत काम करतो, मूळचा चोपड्याचा. सवडीने लिहितो, कारण हा गोंधळ ओपीडीत रोज दिसतो.

स्टेज म्हणजे खोली. आपल्याकडच्या मातीच्या घराची भिंत आठवा. वर पोतारा, त्याखाली गिलावा, मग वीट. गाठ फक्त पोताऱ्यावर असली तर टीए, गिलाव्यात उतरली तर टी-१, विटेत म्हणजे स्नायूत शिरली तर टी-२. भिंतीपलीकडे चरबीत गेली तर टी-३, शेजारच्या अवयवात गेली तर टी-४. उपचाराची सगळी दिशा विटेवर ठरते. स्नायू मोकळा असेल तर सहसा पिशवी वाचवून दुर्बीण आणि औषधं. स्नायूत गेला तर पिशवी काढणं, किंवा निवडक रुग्णांत केमो आणि रेडिएशन. पहिल्यांदा निदान होतं तेव्हा चारातल्या साधारण तिघांचा आजार स्नायूपर्यंत पोचलेला नसतो, हेही लक्षात असू द्या.

आता एनएलआर. त्यावर अभ्यास झालेत हे खरं आहे आणि त्यामागे तर्कही आहे. गाठीभोवती शरीरात दाह असतो, त्याने न्यूट्रोफिल वाढतात. गाठीशी लढणाऱ्या लिम्फोसाइट कमी पडतात. म्हणून शेकडो रुग्ण एकत्र मांडले की खोल आजार असलेल्यांची सरासरी वर दिसते. प्लेटलेट आणि लिम्फोसाइटचं प्रमाण, सीआरपी, फायब्रिनोजेन, अल्ब्युमिन यांच्याबद्दलही असंच दिसलं आहे. पण सरासरी गटाची असते. वरवरच्या आजाराचे आणि खोल आजाराचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकट्या माणसाचा आकडा हातात घेऊन तो कोणत्या गटातला हे ठरवता येत नाही. रेघ कुठे मारायची यावरही एकमत नाही, कोणी २.५ धरतं, कोणी ३, कोणी त्याहून वर. त्यामुळे स्टेज ठरवायला कोणत्याच रक्ततपासणीला मान्यता नाही.

पीएसए प्रोस्टेटचा आहे, लघवीच्या पिशवीचा नाही. आणि इन्फेक्शन असताना तो उगाच वाढलेला येतो, म्हणजे नानांच्या बाबतीत नवीन काळजी विकत घेणं होईल. सीईए आणि सीए १९-९ काही पुढे गेलेल्या रुग्णांत वाढतात, बऱ्याच जणांत वाढतच नाहीत.

गिरणाकाठ, तुमच्या मामांचा अनुभव मी नाकारत नाही. पण क्रिएटिनिन ३.४ का झालं? गाठीने किडनीकडून येणाऱ्या नळ्यांची तोंडं दाबली म्हणून. हिमोग्लोबिन का उतरलं? बरेच महिने रक्त गेलं आणि आजाराने शरीर खचलं म्हणून. तिथे रक्ताने झालेलं नुकसान दाखवलं, डॉक्टरांनी त्यावरून बरोबर अंदाज बांधला. नानांच्या किडन्या मोकळ्या आहेत आणि क्रिएटिनिन १.१ आहे, ही त्यांच्या कागदातली खरी चांगली गोष्ट.

ताई, युरॉलॉजिस्टना दोन गोष्टी आजच फोन करून सांगा, स्टिरॉइड आणि पस सेल. लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, करून इन्फेक्शन आधी आटोक्यात आणतील. भूलतज्ज्ञांनाही स्टिरॉइडचं कळायला हवं. उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं ते त्यांना विचारूनच.

गिरणाकाठ · दुपारी २:०५

डॉक्टर, समजलं. पण एवढं तरी माना, की रक्त इतकं बिघडलेलं दिसलं तर तारखेची वाट न बघता धावपळ करावी.

चोपडेकर_डॉ · दुपारी २:२०

शंभर टक्के मान्य. क्रिएटिनिन चढत असेल तर त्याच दिवशी पळा.

पानमळा · दुपारी ४:००

आमच्या काकांची गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ च्या वर जातो, माणूस शेतात घोटभर पाण्यावर दिवस काढतो, त्यामुळे मुतखडा घरोघरी. काकांना लघवीत रक्त आलं आणि सगळ्यांनी एकसुरात सांगितलं, मुतखडा. आठ महिने काढा चालू होता. मुतखड्यात जीव जाईल अशी कळ येते आणि काकांना कधीच दुखलं नव्हतं, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. रक्त आपोआप थांबायचं, मग आम्ही म्हणायचो, काढा लागू पडला. सोनोग्राफी केली तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती. काका गेले. दुखत नाही म्हणून बरं वाटतं, आणि तिथेच फसगत होते.

चोपडेकर_डॉ · दुपारी ४:३५

पानमळा, मनापासून वाईट वाटलं. दुखल्याशिवाय रक्त येणं आणि आपोआप थांबणं, हीच या आजाराची चाल आहे. पुरुषांमध्ये तो बायकांपेक्षा तीन-चार पट जास्त, आणि बहुतेक साठीनंतरचा. त्या वयात प्रोस्टेट वाढलेली असते, हृदयाची रक्त पातळ करणारी गोळी चालू असते, म्हणून रक्ताचा दोष त्यांच्यावर ढकलला जातो. गोळी चालू असली तरी एकदा आत दुर्बिणीने बघायलाच हवं.

रंगखातं · संध्याकाळी ६:१०

बिडीचा आणि लघवीच्या पिशवीचा संबंध काय, हे वडिलांना मीच समजावलं होतं. धूर फुप्फुसात, तिथून विष रक्तात, किडनी ते गाळून लघवीत टाकते आणि ती लघवी पिशवीच्या भिंतीला तासन् तास लागून राहते.

वडील मिलच्या रंगखात्यात ३१ वर्षं होते. हात कोपरापर्यंत निळे घेऊन घरी यायचे, आई राखेने घासून द्यायची तरी नखांच्या कडा निळ्याच. नंतर वाचलं की १८९५ मध्ये जर्मनीत लुडविग रेन नावाच्या सर्जनने रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये हा आजार पहिल्यांदा दाखवून दिला होता. बेन्झिडीन, नॅफ्थिलअमीन अशी रसायनं. सव्वाशे वर्षांपूर्वी माहीत झालेली गोष्ट आमच्या वडिलांच्या हातात एक हातमोजा देऊ शकली नाही, याचा राग येतो. मिलमध्ये, रंगाच्या, रबराच्या कामात ज्यांची उमर गेली त्यांनी डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

शेवभाजी · संध्याकाळी ६:४०

हल्ली लिक्विड बायोप्सी म्हणतात तिचं काय? रक्तातून कॅन्सरचा डीएनए पकडतात म्हणे.

चोपडेकर_डॉ · रात्री ८:१५

ती खरी आणि आशेची गोष्ट आहे. पण तिचा उपयोग पुढच्या टप्प्यावर दिसतोय. पिशवी काढल्यानंतर कोणाच्या शरीरात आजार मागे उरला असेल, कोणाला पुढचं औषध द्यावं, यासाठी. नानांसारख्या पहिल्या गाठीची खोली त्यावरून ठरवत नाहीत. त्यापेक्षा एमआरआय कामाचा. त्यात स्नायू शाबूत आहे का याला १ ते ५ असे गुण देतात, व्हाय-रॅड्स म्हणतात त्याला, २०१८ पासून वापरात आहे. करायचाच असेल तर गाठ काढण्याआधी, नंतर तिथली सूज वाचताना फसवते. प्रत्येकाला लागतो असं नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

कागदपत्रं_ताई · रविवार, सकाळी ८:३०

खर्चाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. नाना सत्तरीच्या वरचे आहेत, आधार कार्डावर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघेल. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत. रेशन कार्डावर महात्मा फुले योजनाही आहे. दोन्हीकडे रुग्णालय यादीत असावं लागतं, म्हणून भरती व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा, नंतर कागद फिरत नाहीत. सासऱ्यांच्या वेळी आधारवरचं आणि रेशन कार्डावरचं नाव जुळत नव्हतं, त्यात चार दिवस गेले.

आखाजीची_लेक · रविवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे हात जोडून आभार. डॉक्टरांना फोन केला. कल्चर पाठवलंय, अँटिबायोटिक चालू झालं. पॅकेज केलं नाही. भाऊ आधी चिडला, मग हा धागा त्याला वाचून दाखवला. कार्डाचं काम तोच बघतोय.

गुरुवारी डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

गार्डसाहेब_भुसावळ · रात्री ९:५०

एकच विचारा. "काढलेल्या तुकड्यात स्नायू आलाय का?" माझ्या पहिल्या नमुन्यात स्नायूच आला नव्हता. रिपोर्टमध्ये टी-१ लिहिलेलं बघून आम्ही सुटकेचा श्वास टाकला होता, पण वीटच तपासली नाही तर विटेत काही नाही असं म्हणणार कसं? महिन्याने दुसऱ्यांदा दुर्बीण घातली तेव्हा खात्री झाली.

चोपडेकर_डॉ · रात्री १०:१०

गार्डसाहेबांनी माझं काम केलं. शिवाय ग्रेड वेगळी आणि स्टेज वेगळी, रिपोर्टमध्ये दोन्ही बघा. ग्रेड म्हणजे पेशी किती उग्र, स्टेज म्हणजे किती खोल.

आखाजीची_लेक · सतरा दिवसांनी, दुपारी ३:१५

उशीर झाला, माफ करा. कल्चर स्वच्छ यायला वेळ लागला, म्हणून ऑपरेशन गुरुवारऐवजी सोमवारी झालं. कमरेत इंजेक्शन देऊन केलं, तासाभरात बाहेर. दोन दिवस नळीतून पाणी सोडत होते. आधी जांभळासारखं, मग सरबतासारखं, मग पांढरं. त्या पिशवीचा रंग बघत आम्ही बसून होतो.

काल रिपोर्ट आला. हाय ग्रेड, टी-१. पुढची ओळ मी तीनदा वाचली: नमुन्यात स्नायू आहे, स्नायूत ट्यूमर नाही. डॉक्टर म्हणाले, तरी हाय ग्रेड टी-१ आहे म्हणून चार आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून तीच जागा खरवडायची, आणि मग बीसीजी.

कालच सीबीसी पुन्हा झाली. न्यूट्रोफिल ६६, लिम्फोसाइट २५. मी स्वतः भागाकार केला, २.६४.

सूक्ष्मदर्शक · दुपारी ३:३०

खूप बरं वाटलं ताई. २.६४ वरही फार विसंबू नका हं.

चोपडेकर_डॉ · दुपारी ४:००

दुसरी दुर्बीण चुकवू नका. पहिल्या वेळी स्नायू मोकळा असला तरी हाय ग्रेड टी-१ मध्ये काही जणांत मागे शिल्लक सापडतं. आणि यापुढे नेमाने दुर्बिणीने बघत राहणं आलं, सुरुवातीला तीन-तीन महिन्यांनी. बरं वाटतंय म्हणून पेशंट येणं थांबवतात, ते होऊ देऊ नका.

आखाजीची_लेक · दुपारी ४:२०

बीसीजी म्हणजे लहानपणी दंडावर देतात तीच लस का? नाना विचारतायत, त्यांचा विश्वास बसत नाहीये.

गार्डसाहेब_भुसावळ · संध्याकाळी ५:०५

तोच जंतू. टीबीच्या लसीचा. नळीने थेट पिशवीत सोडतात, म्हणजे शरीराची फौज तिथे धावून येते आणि उरलेल्या गाठीच्या पेशींवर तुटून पडते. १९७६ पासून देतायत. आठवड्याला एक असे सहा डोस, मग मधूनमधून तीन-तीनचे. सोडल्यावर दोन तास लघवी धरून ठेवायची. मला पंधरा मिनिटं डाव्या कुशीवर, पंधरा उजव्या, पंधरा पालथं, असं झोपवायचे. मी घड्याळाकडे बघत बसायचो, गाडी सिग्नलला उभी असल्यासारखा. नंतर दिवसभर जळजळ होते, थोडी कणकण येते. ताप जास्त चढला किंवा उतरलाच नाही तर लगेच कळवायचं. पहिले सहा तास लघवी बसून करायची आणि संडासात ब्लीच टाकायचं, घरात नातवंडं असतील तर नक्की.

नानांना एकट्याला धीर होणार नाही. भुसावळहून यावल कितीसं लांब? मी रविवारी येतो, समोर बसून सांगतो.

आखाजीची_लेक · संध्याकाळी ५:४०

काका, नानांना वाचून दाखवलं. म्हणाले, "येऊ दे त्यांना. वरण-बट्टी करू." बिडीचं बंडल त्यांनी आज स्वतःहून चुलीत टाकलं, मी काहीच बोलले नव्हते. रविवारी अकरापर्यंत या, घरी सगळे आहोत.